पळता बचावपटू: पाय आधी की डोकं आधी? (ऑस्ट्रेलियन फूटी)

ओव्हलचा_ओटा

मंडळी, जुन्या फूटी धाग्यावर हा विषय तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा पंचांच्या नावाने बोटं मोडण्यात बुडाला. म्हणून वेगळी चूल.

नवख्यांसाठी थोडक्यात: क्रिकेटच्याच मैदानावर, प्रत्येक बाजूला १८ जण. लाथेने चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. लाथ मारलेला चेंडू निदान १५ मीटर जाऊन कुणी हवेत झेलला की तो 'मार्क', मग निवांत लाथ मारायचा हक्क. चेंडू हातात घेऊन पळता येतं, मात्र दर १५ मीटरला एकदा टप्पा द्यावा लागतो किंवा चेंडू जमिनीला टेकवावा लागतो. हाताने फेकायला बंदी, मुठीने ठोसायचा. तो 'हँडबॉल'.

आता मुद्दा. बचावफळीतले एक-दोघं, बहुधा हाफ-बॅकवरचे (मधल्या फळीच्या लगेच मागची जागा), चेंडू मिळताच पुढे सुटतात आणि हल्ल्याची सुरुवात करतात. त्यांची निवड करताना सगळे आधी घड्याळ काढतात: २० मीटर किती सेकंदांत? माझं मत, वेगाचं कौतुक फाजील होतंय. ब्रिस्बेनचा डेन झॉर्को २०२४ मध्ये ३५ वर्षांचा होता. मधल्या फळीतून मागे आणला आणि तिथून ऑल-ऑस्ट्रेलियन (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघात गेला, वर विजेतेपद. केलेब डॅनियल १६८ सेंटिमीटरचा, धावण्यात कुणाला घाबरवणारा नव्हे. तोही २०२० मध्ये, बुलडॉग्जकडून खेळताना, त्याच संघात. दोघांचं भांडवल एकच: कुठे आणि कधी मारायचं ते आधी दिसतं. पाय नंतर.

डावरा_विष्णू

ओटा, उदाहरणं निवडून आणलीत. ॲडम साद आणि सिडनीचा निक ब्लेकी कुठे गेले यादीतून?

वेगाचा उपयोग फक्त पळताना होतो हा गैरसमज. साद समोर असला की त्याच्यावर नेमलेला फॉरवर्ड दीड-दोन मीटर मागे उभा राहतो, कारण अंगाशी गेला आणि चुकला तर साद गेलाच. त्या दोन मीटरमध्ये साध्या हाफ-बॅकलाही सुखाने लाथ मारता येईल. म्हणजे वेगवान माणूस न पळताही जागा तयार करतो. तुमच्या डॅनियलला ती जागा दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी लागते.

शिवाय बचावाचं काय? २०१० च्या अंतिम सामन्याच्या फेरलढतीत कॉलिंगवूडच्या हीथ शॉने मागून धावत येऊन निक रीवोल्टची लाथ गोलच्या तोंडाशी दाबली. तिथे 'डोकं आधी' म्हणत थांबला असता तर सेंट किल्डाचे ६ गुण झाले असते.

खोखोकर

'पळता बचावपटू' वाचून खो-खोचा धागा समजून आलो. आता आलोच आहे तर बसतो. उठवायचं असेल तर रीतसर खो द्या.

झेलबाद

@खोखोकर, बसा. पण चौकोनात, आणि तोंड विरुद्ध दिशेला.

गणपुले_मास्तर

दोन्ही बाजूंनी वेग हा शब्द मोघम वापरला जातोय. आकडे मांडू.

चांगला हाफ-बॅक मोकळ्यात ताशी ३० किमीने सुटतो, म्हणजे सेकंदाला ८ मीटरच्या वर. १५ मीटरला टप्पा हवा, तर दोन टप्प्यांमध्ये त्याला मिळतात जेमतेम १.८ सेकंद. चेंडू खाली ढकलणं, तो परत हातात येणं आणि पकड बसणं यात अर्ध्या सेकंदाहून अधिक जातो, आणि तेवढा वेळ डोळे चेंडूवर. उरला सव्वा सेकंद. एवढ्यात समोरचे ३०-३५ जण, त्यांची तोंडं कुठे, कोण मोकळा, मागून कोण येतंय हे सगळं पाहायचं. हाच माणूस सेकंदाला ६ मीटरने गेला तर दोन टप्प्यांमध्ये अडीच सेकंद मिळतात, पाहायला जवळजवळ दोन.

म्हणजे वेग वाढवला की निर्णयाचा वेळ स्वतःच्या हाताने कापला. म्हणून वेगवान बचावपटू चुकतो तो बहुतेक दुसऱ्या टप्प्यानंतर. पहिल्या टप्प्यापर्यंत चेंडू घेण्याआधी पाहिलेलं चित्र पुरतं, दुसऱ्यापर्यंत ते शिळं झालेलं असतं. त्या शिळ्या चित्रावर लाथ बसते आणि जिथे साथीदार होता तिथे आता पाहुणे उभे असतात.

स्वाती_अ‍ॅडलेड

मास्तरांच्या हिशोबात लाथेचा हिशोब जोडते. २० मीटरची लाथ साधारण एक सेकंद हवेत असते, ४० मीटरची सपाट लाथ दोन सेकंद, ५० मीटरची अडीचच्या आसपास. उभा असलेला प्रतिस्पर्धी दोन सेकंदांत दहा-अकरा मीटर कापतो, आधीच धावत असला तर पंधरा-सोळा. म्हणजे ४० मीटरवरचा साथीदार 'मोकळा' दिसायला त्याच्याभोवती निदान १५ मीटर रान हवं. २० मीटरवरच्याला सहा-सात मीटर पुरतात. चांगले हाफ-बॅक हे मोजत बसत नाहीत, पण नजर तीच लावतात. लांबची लाथ सुंदर दिसते आणि तिथेच चेंडू हरवतो.

नवीन_आयडी_घेतलाय

एक बाळबोध प्रश्न. धोका एवढा आहे तर सरळ लांब लाथ मारून चेंडू पुढे का ढकलत नाहीत? १८ जणांत कुणीतरी पकडेलच की.

ओव्हलचा_ओटा

@नवीन आयडी, बाळबोध मुळीच नाही, निम्मे प्रशिक्षक अडचणीत तेच करतात. सीमारेषेच्या कडेने उंच लाथ, खाली दोन्हीकडचे उंच गडी, झोंबाझोंबी. निकाल निम्मा-निम्मा, पण हरलात तरी चेंडू कडेला आहे, गोलपासून लांब. बाहेर गेला तर पुन्हा मांडामांड, श्वास घ्यायला वेळ.

उलट मैदानाच्या मधल्या पट्ट्यातून, कॉरिडॉरमधून गेलात तर वाट सर्वात छोटी, पण तिथे चेंडू हरवला की समोरच्याला तीच छोटी वाट उलटी मिळते आणि तुमचे बचावपटू पुढे पळालेले असतात. आजकाल निम्म्याहून जास्त गुण असे चेंडू हिसकावून होतात. म्हणून हाफ-बॅकच्या डोक्यात क्रम ठरलेला असतो: आधी मधला पट्टा, मग आत ४५ अंशांत छोटी लाथ, मग उलट बाजूला फिरवणं म्हणजे स्विच, आणि काहीच नसेल तर कडेने लांब. वरून खाली वाचायचं. घाबरट खेळाडू खालून वर वाचतो.

कडूकारले

आपला माणूस सोडून ऐन वेळी पलीकडे पळतो तो. याला आपल्याकडे 'फुटीर' म्हणतात. निवडणूक आयोगाकडे जायला नको का?

झेलबाद

@कडूकारले, मूळ हाफ-बॅक फळी कोणती यावर निकाल यायला पाच हंगाम जातील.

डावरा_विष्णू

हसण्यावारी नेऊ नका, कारल्यांनी नेमकं बोट ठेवलंय. फुटीर गेला की घर कोण सांभाळणार? बचावात सहा-सात जण असतात, त्यांतले एका वेळी जास्तीत जास्त दोघं सुटतात. तिसरा सुटला तर बेशिस्त. एक सुटला की त्याच्या मागचा एक घर पुढे सरकतो, त्या बाजूचा विंगर मागे येतो. हे न बोलता व्हायला हवं, पण प्रत्यक्षात ओरडूनच होतं. ओरडणारा सर्वात मागचा उंच बचावपटू, कारण सगळं मैदान त्यालाच दिसतं.

पळणारा ४० मीटर पुढे गेला आणि तिथे चेंडू हरवला तर परत यायला त्याला पाच सेकंदांच्या वर लागतात. समोरच्याची ५० मीटरची लाथ अडीच सेकंदांत त्याच्या डोक्यावरून जाते. सर्वात वेगवान माणूसही ही शर्यत हरतो. म्हणून सुटायचं की नाही हे आपल्या मागे कोण आहे हे पाहून ठरवायचं. समोर काय आहे ते नंतर.

ओव्हलचा_ओटा

@डावरा, म्हणजे डोकं आधी. धन्यवाद.

डावरा_विष्णू

@ओटा, शब्द तोंडात घालू नका, अजून जेवण व्हायचंय.

टाचणी

पळण्याची खरी सुरुवात कुठे होते यावर कुणी लिहिलं नाही. चेंडू हातात आल्यावर नाही, साथीदाराने मार्क घेण्याच्या आधी. चेंडू हवेत असतानाच पळणारा त्याच्या पाच-सहा मीटर मागून वेग घेतो आणि बाहेरच्या अंगाने शेजारून जातो. २०२१ पासून मार्कच्या जागेवर उभ्या प्रतिस्पर्ध्याला पंचाने 'स्टँड' म्हटलं की हलता येत नाही, हलला तर ५० मीटरचा दंड. पंच 'प्ले ऑन' (खेळ चालू) म्हणेपर्यंत तो खांब. त्या क्षणी शेजारून पूर्ण वेगात गेलेल्याच्या हातात हँडबॉल पडला की पहिली फळी फुटली.

बिघडतं ते हँडबॉलच्या जागेमुळे. चेंडू पळणाऱ्याच्या छातीपुढे मीटरभर हवा, त्याने त्यात धावत जायचं. कंबरेच्या मागे दिला तर त्याला खांदा वळवून, पाय आखडून घ्यावा लागतो आणि मिळवलेला सगळा वेग तिथेच सांडतो. मग प्रेक्षक पळणाऱ्याला शिव्या घालतात. चूक देणाऱ्याची.

दुसरी चूक फार लवकर निघण्याची. देणारा अजून चेंडू सावरतोय आणि हा पुढे निघून गेला, की त्याला थांबून मागे वळून मागावा लागतो. उभ्याने घेतलेला हँडबॉल म्हणजे पाठीवर टॅकल घ्यायचं आमंत्रण.

स्वाती_अ‍ॅडलेड

टॅकलचं निघालं म्हणून, नियमाची एक बाजू इथे फार महत्त्वाची आहे. चेंडू मिळताक्षणी कुणी धरलं तर पंच तुम्हाला थोडी सवलत देतो, चेंडू सोडायचा खरा प्रयत्न दिसला की पुरतं. पण तुम्ही आधी संधी घेतली असेल, म्हणजे पळालात, हुलकावणी दिलीत, टप्पा टाकलात, तर ती सवलत गेली. आता धरलं आणि चेंडू नीट सुटला नाही की थेट फ्री किक, तीही आपल्याच गोलसमोर. टप्पा टाकताना चेंडू हातात नसला तरी तो तुमच्याच ताब्यात धरतात. थोडक्यात, पहिलं पाऊल टाकलं की विमा संपला.

ज्याला हे पक्कं ठाऊक असतं तो अंगावर आलेल्या पहिल्या माणसाला चुकवतो आणि दुसरा दिसायच्या आत चेंडू देऊन टाकतो. दोघांना चुकवायची हौस म्हणजे समालोचकांची सोय.

फळीवरचा_बोका

टप्प्याबद्दल. कोरड्या मैदानावर चेंडूचं पुढचं टोक जरा तिरकं आपटायला हवं, तर तो हाताकडे उसळतो. पोटावर आपटला तर घोट्याला लागतो नाहीतर भलतीकडे घरंगळतो. जितका वेग जास्त तितका लांब पुढे ढकलायचा. उभ्याने सराव करून पळताना जमत नाही, कारण अंतरच बदलतं. ओल्या मैदानावर शहाणे टप्पा टाकतच नाहीत, वाकून दोन्ही हातांनी चेंडू गवताला टेकवतात. वेग थोडा जातो, चेंडू जात नाही.

मेलबर्नच्या जुलैत, दव पडलेल्या रात्रीच्या सामन्यात टप्पे टाकणारा हाफ-बॅक दिसला की समजावं, प्रशिक्षक वर काचेआड टेलिफोन आपटतोय.

झेलबाद

अवांतर: आयरिश पोरांना हे पळत टप्पा टाकणं उपजत येतं का? टाग केनेली, झॅक टूई, कॉनर मॅकेना, सगळे हाफ-बॅकच कसे?

गणपुले_मास्तर

@झेलबाद, उपजत कसलं, गेलिक फुटबॉल. तिथेही चेंडू हातात घेऊन पळतात, पण चार पावलांत टप्पा किंवा पायाने स्वतःकडे उडवणं. इथे १५ मीटर म्हणजे त्यांना चैनच. पळत्या वेगात चेंडू हाताळणं येतं, आकार तेवढा गोलाचा लांबट होतो. अवघड जाते ती लांबट चेंडूची लाथ आणि अंगावर येणारं टॅकल. हाफ-बॅकवर खेळ समोर दिसतो, पाठ करून झेलावं कमी लागतं, म्हणून नव्या माणसाला तिथे बसवणं सोपं. केनेली २००५ मध्ये सिडनीकडून जिंकला, टूई २०२२ मध्ये जीलाँगकडून, मॅकेना २०२४ मध्ये ब्रिस्बेनकडून. योगायोग म्हणायला तीन जरा जास्त होतात.

डावरा_विष्णू

बिहाइंडनंतरच्या (बाजूच्या फटीतला तो १ गुण) किक-इनवर, म्हणजे बचावपटूने गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणण्यावर बोलू या, तिथे या दोन्ही गुणांची एकत्र परीक्षा असते. २००६ च्या आधी गोल-पंचाने झेंडा हलवून होईस्तोवर थांबावं लागे, तेवढ्यात समोरचे आरामात जागा धरत. तो नियम गेला आणि पटकन निघणाऱ्याला भाव आला. २०१९ पासून गोलसमोरच्या ९ मीटर खोल चौकटीतून सरळ पळत बाहेर पडता येतं, आधी स्वतःला लाथ मारायची औपचारिकता गेली. २०२१ पासून समोरचा माणूस १५ मीटर लांब उभा. ब्रिस्बेनच्या डॅनियल रिचसारखा (२०२३ मध्ये निवृत्त) डावखुरा दहा-बारा मीटर पळून ५५-६० मीटरची लाथ हाणायचा तेव्हा चेंडू थेट मैदानाच्या मध्याजवळ पडायचा.

पण पटकन म्हणजे नेहमीच बरोबर नाही. समोरच्यांची मांडणी अजून विस्कटलेली असेल तर दोन सेकंदांत निघा. ते आधीच मांडून बसले असतील तर घाईने आपलेच लोक चुकीच्या जागी सापडतात.

कडूकारले

बिहाइंड म्हटलं की २००८ ची अंतिम लढत आठवते. हॉथॉर्नने जीलाँगविरुद्ध ११ वेळा चेंडू स्वतःच मागे ढकलून एकेक गुण दान केला. गुण दिला, चेंडू आपला. डोकं आधी म्हणायचं असेल तर ते! पुढच्याच वर्षी नियम आला, जाणूनबुजून ढकलला तर फ्री किक. दबाव असेल तर माफ. दबाव किती हे पंच ठरवणार, म्हणजे आलंच पुन्हा पंचांवर...

ओव्हलचा_ओटा

नाही! पंचांवर नाही! हात जोडतो.

टाचणी

मैदानाच्या रुंदीबद्दल कुणी काही म्हणालं नाही याचं नवल वाटतं. एमसीजी १४० मीटरच्या आसपास रुंद, जीलाँगचं कार्डिनिया पार्क ११५ च्या जवळपास. एमसीजीवर स्विच केला तर पलीकडचा हाफ-बॅक मोकळा सापडतो, कारण समोरच्यांना सरकायला जास्त अंतर आहे. जीलाँगला तीच लाथ मारली तर त्यांची मांडणी चार ढांगांत पलीकडे पोचलेली असते. तिथे पळणाऱ्याला कडेने जागाच नाही, सुटायचं तर मधूनच. स्विच फसतो तो फार उंच मारल्यामुळे. दोन सपाट छोट्या लाथा एका उंच लांब लाथेपेक्षा लवकर पोचतात.

खोखोकर

इतका वेळ बसून ऐकलं, आता उठतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, पळणाऱ्याला सगळ्या दिशा मोकळ्या. म्हणून चांगला संरक्षक साखळीत पळताना वेग राखून ठेवतो, आक्रमकाचा खांदा एका बाजूला झुकला की मगच दुसरीकडून निघतो. आधी पूर्ण वेग लावला तर स्वतःलाच वळता येत नाही. तुमच्या या खेळातही अंगावर येणाऱ्याला आधी कौल द्यायला लावायचं, असंच ना?

गणपुले_मास्तर

@खोखोकर, अगदी तेच, आणि याला अभ्यासाचा आधार आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या आणि खालच्या पातळीच्या खेळाडूंना सरळ धाव, ठरलेल्या वळणांची धाव आणि समोरच्या माणसाच्या हालचालीला पाहून वळायची धाव अशा परीक्षा दिल्या. पहिल्या दोन्हींत फारसा फरक नाही, तिसरीत वरचे स्पष्ट पुढे. खांबांभोवती वळण्याची परीक्षा आजही निवडीत असते. खांब खांदा झुकवत नाहीत, त्यामुळे त्या परीक्षेतून अर्धंच कळतं.

फळीवरचा_बोका

मास्तर, मग सरावात काय बदलायचं ते सांगा. मोकळ्या मैदानात शंकू मांडून पळवणं बहुतेक क्लबांत चालूच आहे.

गणपुले_मास्तर

शंकू उचलायचे, माणसं उभी करायची. ४० बाय ३० मीटरची चौकट, चेंडूवाले पाच, अडवणारे चार. चेंडू पळत्याला हँडबॉलने द्यायचा आणि त्या क्षणी अडवणाऱ्यांपैकी एकाने मागून इशारा मिळेल तसा अंगावर जायचं किंवा लाथेची वाट अडवायची. पळत्याला कुठला इशारा गेला ते माहीत नसतं. आठ-दहा धावा, मध्ये पुरती विश्रांती, कारण दमल्यावर निर्णय नाही, दमच तपासला जातो. शेवटच्या दोन मात्र मुद्दाम दमवून घ्यायच्या, चौथ्या क्वार्टरसाठी. सामन्यात माणूस १२ ते १५ किमी पळतो आणि बदल एकूण ७५ च, मागच्या फळीच्या वाट्याला त्यातले थोडेच.

मोजायचं काय? सेकंद नाही. चेंडू येण्याआधी त्याने मान किती वेळा वळवली ते.

स्वाती_अ‍ॅडलेड

आणि समोरचा संघ एवढं सगळं होऊ देत नाही, हेही लिहायला हवं. आता हाफ-बॅकवर पाळत ठेवणारा फॉरवर्ड नेमतात, गोल मारणं त्याचं दुय्यम काम. तो आपल्या गोलकडे न धावता हाफ-बॅकच्या आणि चेंडूच्या मध्ये उभा राहतो, हँडबॉलची वाटच बंद. हाफ-बॅकला दोनच उपाय. एक, त्याला घेऊन खोल गोलसमोर जायचं आणि आपल्या लांब फॉरवर्डांना जागा करून द्यायची. दोन, त्याला सोडून खरोखर हल्ल्यात जायचं, म्हणजे त्याला बचाव करावा लागतो. इथे मात्र डावरा बरोबर आहेत. पाळत ठेवणाऱ्याला सर्वात जास्त भीती वेगाची असते, डोक्याची नाही.

डावरा_विष्णू

स्वातीताई, तोंडात साखर पडो.

नवीन_आयडी_घेतलाय

२०१८ च्या अंतिम लढतीची चित्रफीत आत्ताच पाहिली. वेस्ट कोस्टचा निर्णायक गोल: मॅकगव्हर्नने मागे चेंडू झेलला, लाथ व्हार्डीकडे, त्याची रायनकडे, रायनची शीडकडे, शीडने कडेच्या कोपऱ्यातून गोल. ५ गुणांनी जिंकले. यात कुणी पळालंच नाही की हो?

टाचणी

@नवीन आयडी, दोन दिवसांत बरंच शिकलात. चेंडूवाला पळाला नाही, बाकीचे पळाले. रायन आणि शीड योग्य क्षणी मोकळ्यात आले म्हणून त्या लाथांना पत्ता होता.

ओव्हलचा_ओटा

मूळ प्रश्नाकडे येतो. थोडं मागे सरकतो, पूर्ण नाही. मास्तरांचा सव्वा सेकंद आणि टाचणींचा हँडबॉल वाचून वाटतं की पहिले पाच-दहा मीटर झटकन निघणं हवंच, त्याशिवाय निर्णय घ्यायची वेळच येत नाही. पण त्यापुढचा ताशी ३४ किमीचा आकडा मला निवडीत नको. म्हणजे २० मीटरच्या परीक्षेतली पहिली ५ मीटरची वेळ बघा, शेवटची सोडा.

डावरा_विष्णू

पहिल्या ५ मीटरवर तडजोड मान्य. पण १६ वर्षांखालच्या संघात मला दोघांतला एकच घ्यायचा असेल तर वेगवान पोरगा घेईन. मान वळवायला शिकवता येते, वेग आईबापांकडून येतो.

फळीवरचा_बोका

@डावरा, त्या वयात वेगवान पोरगा सगळ्यांना पळूनच हरवतो, म्हणून मान वळवायची त्याला गरजच पडत नाही. १९ व्या वर्षी समोर तेवढेच वेगवान आले की मग शोधाशोध. त्याला लहानपणीच अरुंद चौकटीत खेळवा, जिथे पळायला जागाच नाही.

कडूकारले

मुंबई लोकलच्या डब्यात खेळवा. सव्वा सेकंदात दार गाठायचं, चेंडू वगैरे नंतर बघू.

गणपुले_मास्तर

@बोका, चौकट अरुंद करा पण एक बाजू उघडी ठेवा, आणि ती बाजू दर दोन मिनिटांनी न सांगता बदला. नाहीतर पोरं चौकट पाठ करतात.